मोडशी : एका शब्दाची मुशाफिरी

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदी समुद्राला मिळते. त्या खाडीच्या पलीकडच्या तीरावर भाट्यें हें गांव आहे. किनाऱ्याला सुरूचें बन, गांवांत माड, आणि १९५५ सालीं स्थापन झालेलें नारळ संशोधन केंद्र, ही त्याची आजची ओळख. शास्त्रीय नांवें कशीं जन्मास येतात हें पाहावयाचें असेल, तर तेथल्या झाडांपासूनच आरंभ करावा. 'सुरू' हें फारशी 'सर्व' या शब्दाचें रूप; परंतु इराणांतला सर्व वृक्ष वेगळा आणि हा वेगळा. दोन्ही उंच व सडपातळ, एवढ्यावरून एकाचें नांव दुसऱ्याला चिकटलें. वनस्पतिशास्त्रानें याच झाडास 'कॅझुआरिना' म्हटलें, तें मलायी भाषेंतील 'कसुआरी' या पक्ष्यावरून. कारण त्याच्या बारीक फांद्या त्या पक्ष्याच्या पिसांसारख्या लोंबतात. नारळाच्या शास्त्रीय नांवांतील 'कोकोस' म्हणजे पोर्तुगीज 'कोको'. करवंटीवरचे तीन डोळे पाहून त्या खलाशांना माकडाचें तोंड किंवा बागुलबोवा आठवला असावा.

झाडाचें नांव असें गमतीनें पडलें तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. रोगाच्या नांवाची गोष्ट निराळी आहे.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला आणि मरेपर्यंत, म्हणजे १५६८ पर्यंत, येथेंच राहिला. हिंदुस्थानांतील औषधींवर त्यानें संवादरूपानें लिहिलेला ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. त्यांतील एका संवादांत नारळाची हकीकत आहे, आणि लगेच पुढच्या संवादांत एका भयंकर रोगाची. युरोपीय वैद्य ज्यास 'कॉलरिका पॅसिओ' म्हणतात त्यास येथील लोक 'मोर्शी' म्हणतात व आम्ही तोच शब्द बिघडवून 'मोर्देशी' करतों, असें तो प्रांजळपणें सांगतो. हा मूळ शब्द म्हणजे आपली मोडशी. 'मोडणें' या क्रियापदापासून तो निघाला. हातापायांना वळ येऊन, डोळे खोल जाऊन, धडधाकट माणूस कांहीं तासांत मोडून पडतो, हें ज्यांनीं पाहिलें त्यांनीं त्याला हें नांव दिलें. १५४३ सालीं गोव्यांत या रोगाची सांथ आली. मृतांसाठीं वाजणाऱ्या चर्चच्या घंटांनीं लोकांची गाळण उडूं लागली, तेव्हां गव्हर्नरानें घंटा वाजविण्यासच मनाई केली, असें गास्पार कोरैया या बखरकारानें नमूद केलें आहे.

शब्द मात्र जहाजांवर चढून पुढें निघाला. फ्रेंचांच्या कानीं 'मोर्देशीं' पडलें, आणि त्यांनीं त्याचें 'मोर-द-शियाँ' केलें. फ्रेंच भाषेंत याचा अर्थ 'कुत्र्याचें मरण'! अर्थ इतका चपखल बसला, कीं मूळ शब्द मराठी आहे याची कोणास शंकाही येईना. अठराव्या शतकांत इंग्रज वैद्यही हेंच नांव लिहीत. युल आणि बर्नेल यांनीं १८८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आंग्ल-हिंदी शब्दांच्या कोशांत हें कोडें उलगडून मोडशीला तिचें घर परत मिळवून दिलें.

आतां 'कॉलरा' या शब्दाकडे वळूं. ग्रीक भाषेंत 'खोले' म्हणजे पित्त. 'मेलॅन्कोलिया' म्हणजे काळें पित्त. आणि ज्याची आज घरोघरीं धास्ती आहे तो 'कोलेस्टेरॉल' म्हणजे घट्ट पित्त, कारण तो प्रथम पित्ताशयांतील खड्यांत सांपडला. वांति व जुलाब यांतून पित्त उसळून बाहेर पडतें, या समजुतीनें ग्रीकांनीं रोगाचें नांव पित्तावरून ठेवलें, असें बहुतेक मानतात. तें पन्हाळीच्या नांवावरून आलें असेंही एक मत आहे. आपल्या सुश्रुतानें 'विसूचिका' म्हटलें तें सूची, म्हणजे सुई, यावरून. सुया टोंचल्यासारखी वेदना, एवढेंच तें नांव सांगतें. मोडशी काय, विसूचिका काय, दोन्ही नांवें रोग्याकडे पाहून ठेवलेलीं. कॉलरा हें नांव मात्र रोगाचें कारण सांगूं पाहतें, आणि तें कारणच चुकीचें होतें.

१८१७ सालीं बंगालमध्यें जेसोर येथें या रोगाचा भडका उडाला. पुढच्या वर्षीं तो मुंबईस पोंचला, आणि १८३१ मध्यें इंग्लंडांत शिरला. पाहणाऱ्यास एक गोष्ट उघड दिसत होती. रोग्याचे जुलाब भाताच्या पेजेसारखे पांढरट असत. त्यांत पित्ताचा रंग नसे. नांवांत पित्त आणि रोगांत तें नाहीं! तेव्हां नांव चुकलें असें म्हणावयाचें. पण अनेक वैद्यांनीं उलट ठरविलें, कीं पित्त आंत अडकलें आहे, तें मोकळें केलें पाहिजे. यकृताला चाळविण्यासाठीं पाऱ्याचें 'कॅलोमेल' हें चूर्ण मोठ्या मात्रेंत दिलें जाऊं लागलें. (या औषधाच्या नांवाचा ग्रीक अर्थ 'सुंदर काळें', आणि चूर्ण पांढरें शुभ्र.) अगोदरच आटत चाललेल्या देहांतून रक्तही काढीत. रोगी तहानेनें तळमळत असतां, पाण्यानें वांति वाढेल म्हणून कित्येक ठिकाणीं पाणी नाकारीत. एका जुन्या शब्दाच्या भरंवशावर किती जीव गेले असतील, त्याची मोजदाद कोण करणार?

याला अपवाद झाले. रोग्याच्या रक्तांतील पाणी व क्षार घटतात हें ओशॉनेसीनें रासायनिक परीक्षेनें दाखविलें, आणि १८३२ सालीं स्कॉटलंडांतील लीथ येथें टॉमस लाटा यानें शिरेंतून क्षारयुक्त पाणी देऊन मरणोन्मुख रोगी उठवून बसविले. तथापि ही गोष्ट पुढें मागें पडली. १८८४ सालीं कॉख यानें कलकत्त्यास स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु ओळखला, आणि पित्ताचा विषय संपला. जंतूच्या 'व्हिब्रिओ' या नांवाचा अर्थ थरथरणारा. तो सूक्ष्मदर्शकांतून तसाच दिसतो.

ओर्ताच्या ग्रंथांत येथील लोकांचा उपचारही नोंदलेला आहे. पायांना डाग देत, त्यांत तथ्य नव्हतें. तेव्हां येथील उपचार सगळाच शहाणपणाचा होता असें कोणी समजूं नये. पण त्याच जोडीला मिरीं व जिरें घातलेली भाताची पेज पाजीत. कोंकणांतल्या कोणत्याही स्वयंपाकघरांतली ही पेज. साखरेच्या संगतीनें आंतडें मीठ व पाणी शोषून घेतें, हें तत्त्व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिद्ध झालें. आणि तांदळाच्या पिठाची मीठ घातलेली पेजही हेंच काम करते, असें पुढें प्रयोगांतीं ठरलें. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं पाण्यांत साखर व क्षार मिसळून रोग्यांना पाजलें, आणि मृत्यूचें प्रमाण शेंकडा सुमारें ३० वरून ४ च्या खालीं आलें.

मराठींत या पेयाला 'जलसंजीवनी' म्हणतात. परिभाषा बनविणाऱ्यांच्या हातून नेहमींच असा शब्द उतरत नाहीं. त्यांत कारणाचा आव नाहीं; काय द्यावयाचें आणि त्यानें काय होतें, एवढें मात्र आहे. एक लिटर उकळून गार केलेलें पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हें तिचें घरगुती प्रमाण. घरांतली मोडशी मात्र आतां अपचनाएवढीच उरली आहे. तिला ओवा पुरतो.

भाट्याच्या माडाचें शहाळें या कामीं कितपत उपयोगी, असें कोणी विचारील. शहाळ्याच्या पाण्यांत पोटॅशियम भरपूर असतें, पण पटकींत जें सर्वांत अधिक वाहून जातें तें सोडियम थोडें असतें. म्हणून तें जलसंजीवनीच्या जोडीला द्यावें, तिच्या जागीं नव्हे.