डी-डायमर चाचणी

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका आल्यास केली जाणारी रक्तचाचणी. गुठळी फायब्रिन या प्रथिनाच्या जाळ्याने बांधलेली असते. प्लाझ्मिन हे विकर ते जाळे तोडू लागले की सुटणारे तुकडे म्हणजे डी-डायमर.

या चाचणीचे खरे बळ ‘नाही’ म्हणण्यात आहे. कॅनडातील डॉ. फिलिप वेल्स यांनी पोटरीची सूज, कर्करोग, अलीकडची शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळणे अशा बाबींना गुण देणारी पद्धत रूढ केली. हे गुण कमी आणि डी-डायमरही मर्यादेखाली (अनेक संचांत मिलिलिटरला ५०० नॅनोग्रॅम) असेल, तर सोनोग्राफी न करताही गुठळीची शंका बाजूला सारता येते, हे त्यांच्या २००३ सालच्या अभ्यासातून दिसले. पन्नाशीनंतर वयाला १० ने गुणून मर्यादा ठरवण्याचीही पद्धत आहे.

वाढलेला आकडा मात्र निदान नव्हे.

गरोदरपण, जंतुसंसर्ग, कर्करोग, शस्त्रक्रिया, इतकेच काय, नुसत्या वाढत्या वयानेही तो चढतो. कोविडच्या साथीत हे नाव घरोघरी पोचले; त्याचा अर्थ तितका पोचला नाही. गुठळी आहे हे सोनोग्राफीच ठरवते. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर डॉक्टरांना दाखवावे. सोबत दम लागत असेल तर तातडीने रुग्णालय गाठावे.