मुंबईचा महापौर: मान शहराचा, अधिकार सरकारचा

मुंबईच्या महापौरपदासाठी पक्ष एवढे इरेला पेटतात, पण त्या खुर्चीच्या हाती शहराचा कारभार नाही. हा काही आजकालचा बिघाड नाही. रचनाच तशी आहे. १८६५ मध्ये आयुक्त झालेल्या आर्थर क्रॉफर्ड यांच्या अफाट खर्चामुळे १८७१ मध्ये करदाते खवळले. तेव्हा सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी भूमिका मांडली, की कारभार एकाच अधिकाऱ्याकडे असावा, पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचा अंकुश हवा. १८७२ मध्ये ६४ सभासदांची महापालिका आली. त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडलेले. १८८८ च्या कायद्याने कार्यकारी अधिकार सरकारनियुक्त आयुक्ताकडे ठेवले. सभागृहाच्या अध्यक्षाला १९३१ मध्ये ‘महापौर’ हे नाव मिळाले, अधिकार मात्र मिळाले नाहीत.

मग महापौराची निवडणूक निरर्थक होती का? मुळीच नाही. १९४२ मध्ये युसुफ मेहेरअली यांचे नाव महापौरपदासाठी पुढे आले, तेव्हा ते तुरुंगात होते. त्यांना निवडून सभागृहाने परकीय सत्तेला आपला कौल ऐकवला. १९५६ मध्ये सुलोचना मोदी पहिल्या महिला महापौर झाल्या. १९७१ मध्ये हेमचंद्र गुप्ते यांच्या रूपाने शिवसेनेला प्रथमच हे पद मिळाले आणि शहराच्या राजकारणाचे वारे कुठे वाहते आहे, ते उघड झाले. शहर कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर या खुर्चीने वेळोवेळी दिले. पण शहर चालवायचे कोणी, हा प्रश्न तसाच राहिला.

यावर आक्षेप असा, की आयुक्तामुळेच कारभाराला शिस्त राहिली आणि महापौराच्या परिषदेकडे कार्यकारी अधिकार सोपवणारा १९९८ चा ‘मेयर-इन-कौन्सिल’चा प्रयोग तर फसलाच. शिस्तीचा मुद्दा खरा आहे. पण तो प्रयोग १९९९ मध्येच गुंडाळला गेला. एवढ्या अवधीत कोणत्याही व्यवस्थेची परीक्षा होत नाही. शिवाय मेहतांना हवा असलेला अंकुशही बोथट आहे: आयुक्ताला हटवायला एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश मते लागतात. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि आयुक्तच प्रशासक झाले. अंकुश ठेवणारेच उरले नाहीत, तरी यंत्रणा चालू राहिली. नागरिकाच्या मताला किती वजन आहे, हे त्यातून स्पष्ट दिसले. म्हणून महापौराला मुदतीचे स्थैर्य, कार्यकारी अधिकार आणि त्यांबरोबर येणारी जबाबदारी द्यायला हवी. रस्त्यातल्या खड्ड्याचा जाब ज्याला मतपेटीतून विचारता येतो, त्याच्याच हाती तो बुजवण्याचा अधिकार असला पाहिजे.