माळ कीं महाल?

कानाला सारखे वाटणारे दोन शब्द संभाषणांत एकमेकांच्या जागीं आले कीं हंसें पिकतें. तेच गांवाच्या नांवांत शिरले म्हणजे इतिहासाची वाट चुकते. वऱ्हाडांतील यवतमाळ हें नांव याचें चांगलें उदाहरण आहे. भोंवतालचा उंचसखल मुलूख पाहून कोणाहि मराठी माणसाला ‘माळ’ हा शब्द सहज पटतो. ती डोंगरांची माळ कीं उघडें माळरान, एवढाच काय तो वाद उरतो.

जुन्या गॅझेटियरांतील नोंद मात्र निराळी आहे. गांवाचें मूळ नांव येवता, आणि पुढचा ‘माळ’ हा ‘महाल’ शब्दाचा अपभ्रंश, असें तेथें सांगितलें आहे. येथें दुसरी फसगत होते. महाल म्हटलें कीं झुंबरें आणि गालिचे डोळ्यांपुढें येतात. पण हा महाल म्हणजे वसुलीचा परगणा. गुजराथेंतील पंचमहाल जिल्ह्याच्या नांवांतहि पांच राजवाडे नाहींत, पांच महसुली विभाग आहेत. अरबींत मूळ शब्दाचा अर्थ ‘उतरण्याची जागा’ एवढाच. राजा उतरला तो वाडा झाला, वसूल उतरला तो परगणा झाला.

अकबराच्या अमदानींतील ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथांत हाच महाल ‘योत-लोहारा’ या नांवानें येतो. लोहारा यवतमाळच्या पश्चिमेस आजहि आहे. ‘योत’ हें येवत्याचें बिघडलेलें रूप. फार्सी लिपींत ‘व’ आणि ‘ओ’ यांना अक्षर एकच, तेव्हां असा घोटाळा होण्यांत नवल नाहीं. रोमन लिपींत तर ‘ळ’ नाहींच. त्यामुळें इंग्रजी दप्तरांत माळाचा ‘माल’ झाला. कापसाच्या या जिल्ह्यांत तोहि अर्थ एखाद्या व्यापाऱ्यानें आनंदानें मान्य केला असता!

१८६४ सालीं निघालेला हा जिल्हा प्रथम आग्नेय वऱ्हाड आणि पुढें वणी या नांवानें ओळखला जाई; नाशिककडेहि एक वणी आहेच. १९०५ सालीं पुसद तालुका जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हें नांव मिळालें. त्याच वर्षीं ग्रियर्सनच्या भाषापाहणीचा मराठीविषयक सातवा खंड प्रसिद्ध झाला. वऱ्हाडी बोलींत ‘ळ’च्या जागीं पुष्कळदां ‘य’ येतो. त्यामुळें बाळाचा ‘बाय’, काळाचा ‘काय’ आणि माळाची ‘माय’ होते. सरकारी वसुलीचा महाल बोलतां बोलतां माय व्हावा, यापरतें त्याचें भाग्य कोणतें?

लोक ओळखीचा शब्द धरून ठेवतात, त्यांत लबाडी नसते. चूक होते ती केवळ नादसाम्यावर इतिहास रचणाऱ्याची. माळ पाहून तो थांबला कीं परगणा, त्याचा वसूल आणि शेजारचा लोहारा हें सारें नांवांतून पुसलें जातें. गांवाचें नांव कानानें ऐकावें, पण त्याचा अर्थ दप्तरांत शोधावा.