छायाप्रतींतून शिकलेले युनिक्स

१९७०च्या दशकात एखाद्या विद्यापीठाने युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम मागवली, की चुंबकीय फीत येई. मदत मात्र येत नसे. १९५६च्या न्यायालयीन तडजोडीमुळे एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरण्यास मनाई होती. म्हणून तिने युनिक्स विद्यापीठांना अल्प दरात दिले, पण दुरुस्तीची जबाबदारी घेतली नाही. यंत्र अडले, तर ते सांभाळणाऱ्या नवशिक्यापुढे एकच वाट उरे: मूळ सोर्स कोड वाचणे.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी ती वाट सुकर केली. सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याच्या सुमारे ९,००० ओळी आणि त्यांवरचे भाष्य त्यांनी १९७६-७७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सिद्ध केले. (सूत्रे आणि भाष्य ही जोडी आपल्याला तरी अपरिचित नाही!) एका माणसाला संपूर्ण वाचता येईल एवढाच तो कोड होता, हे विशेष.

१९७९च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात सोर्स कोड शिकवण्यास बंदी घातली. लायन्स यांचा ग्रंथ मग छायाप्रतींच्या छायाप्रती होऊन, पुसट अक्षरांत, हातोहात फिरू लागला.

शिकवायचे काय, या अडचणीतून अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये मिनिक्स ही नवी प्रणालीच लिहिली. तीच वापरणाऱ्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स आरंभले. लायन्स यांचा ग्रंथ उघडपणे प्रसिद्ध झाला तो १९९६ मध्ये, त्यांच्या निधनाच्या दोन वर्षे आधी.