टेमकाठचा कसबा : लडलो

इंग्लंडच्या पश्चिम सीमेवर, श्रॉपशर परगण्यात, वेल्सच्या डोंगराळ मुलखाकडे तोंड करून असलेल्या एका टेकाडावर लडलो हा कसबा वसलेला आहे. टेम नदी त्याच्या पायथ्याशी वळसा घेते आणि माथ्यावरचा किल्ला व सेंट लॉरेन्सच्या चर्चचा उत्तुंग मनोरा दूरच्या शेतांतूनही दृष्टीस पडतो. प्रवासी प्रथम किल्ल्याकडे वळतो, हे स्वाभाविकच आहे. परंतु या गावाचा प्राण त्या किल्ल्याच्या दरवाजासमोरील बाजारात होता, असे त्याचा इतिहास पाहिल्यावर माझे मत झाले आहे.

नॉर्मनांनी १०६६ साली इंग्लंड जिंकल्यानंतर, सरहद्दीपलीकडच्या वेल्श सरदारांना वचक बसावा म्हणून, लेसी घराण्याने अकराव्या शतकाच्या अखेरीस येथे दगडी किल्ला उठवला, आणि बाराव्या शतकात त्याच्या पूर्वेस रुंद बाजारपट्टा मोकळा सोडून आखीव पेठ वसवण्यात आली. घरांच्या जागा रस्त्याकडे अरुंद आणि मागे लांबवर गेलेल्या. कसबेकऱ्याने धन्याला ठरलेला रोख सारा द्यावा आणि वेठबिगारीतून मोकळे व्हावे, असा तो बंदोबस्त. बाजारपट्ट्यात मांडलेली दुकाने पुढे कायमची घरे झाली, आणि म्हणूनच त्या आखीव नगराच्या मध्यभागी आज बोळांची दाटी दिसते. व्यापाराचा मुख्य जिन्नस लोकर. लॉरेन्स ऑफ लडलो हा येथील लोकरीचा सावकार इतका धनाढ्य झाला की त्याने जवळच स्टोक्से येथे आपली तटबंद गढी बांधली. १२९४ साली लोकर घेऊन निघालेले त्याचे जहाज बुडाले आणि त्यातच त्याचा अंत झाला, परंतु गढी मात्र अद्याप शाबूत आहे.

ज्या संस्थेमुळे हा कसबा टिकला, ती म्हणजे जेरुसलेमच्या यात्रेकरूंच्या नावाने तेराव्या शतकात उदयास आलेला ‘पामर्स गिल्ड’ हा धर्मसंघ. सभासद मरताना घरे व दुकाने संघाला अर्पण करीत, आणि त्या भाड्याच्या उत्पन्नातून मृतांच्या सद्गतीसाठी प्रार्थना करणारे पुरोहित पोसले जात, शाळा चाले आणि वृद्धांना आश्रय मिळे. सेंट लॉरेन्सचे वैभव बव्हंशी याच द्रव्याचे. तेथील गायनमंचावरील २८ आसनांच्या खालच्या बाजूस ओकच्या लाकडात जे कोरीवकाम आहे, त्याच्यासाठी मी वाचकाला मुद्दाम थांबायला सांगेन : एका ठिकाणी धर्माचार्याच्या वेषातील कोल्हा हंसांना प्रवचन देत आहे, तर दुसरीकडे खोट्या मापाने मद्य विकणाऱ्या बाईला सैतान नरकाकडे वाहून नेत आहे. ज्या गावाचे अन्न मापावर आणि तराजूवर अवलंबून होते, त्याने आपले नीतिशास्त्र देवालयात कोरून ठेवावे, ही गोष्ट मला फार उदात्त वाटते. १५५१ साली संघ विसर्जित झाला, तरी नव्या सनदेने त्याची मिळकत नगरसभेच्या हाती आली आणि शाळा व आश्रम चालू राहिले.

किल्ल्याची कथा राजघराण्याची आहे. बालराजा पाचवा एडवर्ड येथेच वाढला आणि १४८३ साली येथूनच लंडनच्या दुर्दैवी वाटेला लागला. राजपुत्र आर्थर विवाहानंतर काही महिन्यांतच १५०२ साली येथे वारला. वेल्स व सरहद्दीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची कचेरी येथे होती, आणि त्या मंडळाच्याच एका अध्यक्षाच्या अधिकारग्रहणाप्रीत्यर्थ कवी मिल्टनचे ‘कोमस’ हे काव्यनाट्य १६३४ साली येथील दिवाणखान्यात प्रथम सादर झाले. १६८९ मध्ये मंडळ बरखास्त होताच दफ्तर उठले, वाडे ओस पडले आणि छपरे ढासळू लागली. बाजार मात्र चालूच राहिला, आणि वकील-कारकुनांची वर्दळ गेली तरी हातमोज्यांचा धंदा पुढे शतकाहून अधिक काळ गावाला आधार देत होता.

१८११ साली हा भग्न किल्ला सरकारकडून विकत घेणारा पहिला अर्ल ऑफ पोविस, एडवर्ड क्लाइव्ह, हा मद्रासचा माजी गव्हर्नर आणि रॉबर्ट क्लाइव्हचा थोरला मुलगा होता. पूर्वी वीस वर्षे तो लडलोचाच पार्लमेंटातील प्रतिनिधी होता. हाच रॉबर्ट क्लाइव्ह १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनबरोबर विजयदुर्गावर चालून आला होता आणि तुळाजी आंग्र्यांच्या लुटीत वाटेकरी झाला होता. घराण्याचे मोठे द्रव्य पुढे बंगालमधून आले, हे खरे. तथापि कोकणच्या किनाऱ्यापासून टेमच्या काठापर्यंत जाणारा हा धागा मराठी वाचकाने डोळ्यांआड करू नये.

किल्ल्यातील गोल नॉर्मन प्रार्थनामंदिर, १६१९ सालची लाकडी नक्षीची ‘फेदर्स’ ही इमारत, ‘ब्रॉड गेट’ ही जुनी वेस, आणि जुन्या लाकडी सांगाड्यांवर अठराव्या शतकाने चढवलेली विटांची दर्शनी रूपे, हे सर्व एका दिवसात पायी पाहून होते. १९९५ पासून किल्ल्याच्या आवारात दरवर्षी खाद्यमहोत्सव भरतो. ज्याला सवड असेल त्याने येथून वेल्शपूलजवळच्या, क्लाइव्ह घराण्याशी निगडित अशा पोविस किल्ल्यालाही अवश्य जावे. टिपू सुलतानाचा तंबू तेथे जपून ठेवलेला आहे.