‘बेस्ट’ शब्दाचें मूळ

‘गुड’चें तमभावाचें रूप ‘बेस्ट’ कसें, हें कोडें इंग्रजी शिकणाऱ्या मुलांस नेहमींच पडतें. वास्तविक हे शब्द दोन भिन्न कुळांतले. इंग्रजी, डच, जर्मन या तिन्ही भाषांत ‘बेस्ट’च आहे, ४ थ्या शतकांतील गॉथिक बायबलांत तोच ‘बतिस्ता’ असा येतो. त्यांतील ‘इस्त’ व आपल्या ‘कनिष्ठ’मधील ‘इष्ठ’ हे प्रत्यय सगोत्र होत. पाणिनीनेंही ‘प्रशस्य’च्या जागीं ‘श्र’ आदेश सांगून ‘श्रेष्ठ’ साधला आहे! ‘बेस्ट’च्या कुळांतील जुन्या इंग्रजींतला ‘बोट’ म्हणजे उपाय, नुकसानभरपाई; जर्मन ‘बूसे’ म्हणजे प्रायश्चित्त. या कुळानें उत्तमपणाचें नातें निर्दोष जन्माशीं जोडलें नाहीं, उणें भरून काढण्याशीं जोडलें.