रायग्रास स्टॅगर्स

बारमाही रायगवत (लोलियम पेरेन) चरणाऱ्या मेंढ्या, गुरे, घोडे व हरणे यांना बुरशीच्या विषामुळे जडणारा चेतासंस्थेचा विकार. न्यूझीलंड व आग्नेय ऑस्ट्रेलियातील कुरणांवर तो उन्हाळा सरता सरता आणि शरदात, म्हणजे तिकडच्या जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास, डोके वर काढतो.

शांतपणे चरणाऱ्या कळपात दुरून काही वावगे दिसत नाही. कळप हाकायला घेतला किंवा कुत्रा भुंकला की मेंढीची मान थरथरते, डोके डुलते, पाय लाकडासारखे ताठतात. चार उड्या अडखळत मारून ती कुशीवर कोसळते आणि झटके देत पडून राहते. तिला तशीच सोडावी. काही मिनिटांत ती उठते आणि काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा चरू लागते. विषाने थेट मृत्यू क्वचितच येतो. जनावरे दगावतात ती बहुधा तळ्यात बुडून किंवा उतारावरून गडगडून.

बुरशी (एपिक्लोई फेस्टुसी, उपप्रकार लोली) गवताच्या आत पेशींच्या फटींतून वाढते आणि बियांतून पुढच्या पिढीत जाते. बाहेरून डाग नाही, बुरा नाही. त्यामुळे संशय दीर्घकाळ भलतीकडेच राहिला. तिचा या विकाराशी असलेला संबंध न्यूझीलंडमध्ये फ्लेचर व हार्वे यांनी १९८१ मध्ये दाखवला. मुख्य विष लोलिट्रेम-बी. ते चेतापेशींतील कॅल्शियमवर चालणाऱ्या मोठ्या पोटॅशियम वाहिन्या रोखते. या वाहिन्या जन्मतःच नसलेल्या उंदरांना लोलिट्रेम-बी दिले, तर त्यांना कंप सुटत नाही. विषाचा साठा पानाच्या बुडाशी जास्त असतो, म्हणून कुरण मुळापर्यंत ओरबाडले गेले की धोका वाढतो.

औषध नाही. कळप कुत्र्याविना, सावकाश दुसऱ्या कुरणावर न्यावा. एक ते तीन आठवड्यांत जनावरे सावरतात.

बुरशीच काढून टाकावी, हा सुचणारा पहिला उपाय अंगाशी येतो. तीच पेरामिन नावाचे द्रव्य तयार करून अर्जेंटाइन खोडभुंग्याला गवतापासून दूर ठेवते. बुरशीविना गवत भुंग्याच्या तोंडी जाते. म्हणून लोलिट्रेम-बी न करणारे, पण पेरामिन करणारे बुरशीचे ‘एआर-१’ वाण निवडून बियाण्यात घालण्यात आले. नंतरचे ‘एआर-३७’ अधिक किडींना पुरून उरते. मात्र त्यातील इपॉक्सी-जँथिट्रेममुळे मेंढ्या काही वेळा लडखडतात, तरीही शेतकरी ते पेरतात.